मावशींसाठी वेगळा भाव

“सुटं तेल कसं दिलं?”

“एकशे बावीस, मावशी.”

“आणि तो जाडा तांदूळ?”

“बेचाळीस.”

मग तिने डाळ विचारली, साखर विचारली, कपड्यांचा साबण, काड्यापेटी, शाळेची वही विचारली. दुकानदार एकेक भाव सांगत गेला. प्रत्येक वेळी तो क्षणभर थांबे, तिच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघे आणि मग आकडा सांगे. तिने नेहमीसारखी मान डोलावली, “बरं, बघते,” म्हणाली आणि पायरी उतरली. कोपरा वळल्यावर एका बंद गोदामाच्या भिंतीला टेकून तिने पिशवीच्या अस्तरातून वही काढली आणि सातच्या सात आकडे एका दमात उतरवले. एकही चुकला नाही. तीस वर्षांत चुकला नव्हता, आणि याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

शहराच्या भाव-नोंद खात्यात ती नोकरीला होती. शहराची झाडलोट करणारे, शाळा-दवाखान्यांत फरशी पुसणारे, बागांना पाणी घालणारे, या सगळ्यांचा पगार दर वर्षी महागाईप्रमाणे वाढवायचा असा नियम होता. पण महागाई झाली म्हणजे नेमकी किती झाली, हे कुणीतरी दुकानोदुकानी फिरून विचारून यायला हवं. ते काम हिचं. खात्याचा दंडक असा की नोंद करणाऱ्याने आपली ओळख द्यायची नाही. चार गिऱ्हाइकांसारखं जायचं, चार गिऱ्हाइकांसारखं विचारायचं, म्हणजे मिळेल तो भाव खरा. आणि ज्या दुकानाचे भाव लिहायचे, तिथे काडीचीही खरेदी करायची नाही.

पाच महिन्यांनी ती निवृत्त होणार होती.

घरी आली तेव्हा धाकटी बहीण स्वयंपाकघरात जमिनीवर एक छापील कागद पसरून बसली होती. दोघी बहिणी एकत्र राहत. घरभाडं आणि वीज थोरलीकडे, बाजार आणि चूल धाकटीकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आलेली. दिवसभर दुकानं पालथी घातल्यावर पुन्हा बाजाराचं तोंड बघायचं थोरलीच्या जिवावर यायचं. धाकटी शहराच्या एका शाळेत झाडलोटीला होती. म्हणजे थोरली जे आकडे आणी, त्यांवर धाकटीचा पगार ठरे. यावरून घरात थट्टा चाले. भाजीत मीठ कमी पडलं तरी धाकटी म्हणे, “तुझ्याच आकड्यांत बसवलंय.”

“शाळेत लावलाय हा,” धाकटी म्हणाली. “नव्या पगाराचा कच्चा आकडा. हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणे. मागे वस्त्यावस्त्यांचे भाव छापलेत. ही बघ तुझी वस्ती.”

“मग?”

“मग काही नाही. हे तेल कुठे मिळतं तेवढं सांग. मी चालत जाईन.”

ती हसत होती, पण थोरलीला ते झोंबलं.

“मी स्वतःच्या कानांनी ऐकून लिहिलंय ते.”

“मी कुठे नाही म्हणते? मला फक्त दुकान सांग.”

“सांगता येत नाही. नियम आहे.”

“बरं,” धाकटी म्हणाली आणि कागदाची घडी घालायला लागली. तिने वाद घातला असता तर थोरलीने निभावून नेलं असतं. ते ‘बरं’ मात्र तिला सहन झालं नाही. तीस वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप तिने त्या एका शब्दापायी उघडलं.

“पेठेच्या टोकाला. निळ्या फळ्यांचं मोठं दुकान. जा आणि विचार.”

धाकटी सुट्टीच्या दिवशी गेली. परत आली ती पाव लिटर तेल घेऊन, आणि कितीला आणलं ते न सांगताच आत गेली. थोरलीने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, “एकशे चाळीसचा भाव लावला त्याने. असेल गं. आठवड्यात वाढला असेल.”

आठवड्यात अठरा वाढत नाहीत, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहिली. एक म्हातारा आला, एक लेकुरवाळी आली, एक रिक्षावाला आला. तिघांनाही तेल एकशे चाळीस. मग ती रस्ता ओलांडून गेली.

“सुटं तेल कसं दिलं?”

“एकशे बावीस, मावशी.”

तिने आत्ताच गेलेल्या रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं.

“त्यांना एकशे चाळीस सांगितलंत.”

दुकानदार चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा माणूस होता. पण चोरी पकडल्यासारखा तो गोरामोरा झाला. हातातलं माप त्याने उगाचच पुसलं.

“तुमचं वेगळं आहे,” तो म्हणाला.

“वेगळं म्हणजे?”

“रागवू नका, मावशी. सहा वर्षं झाली मी हे दुकान घेतल्याला. तुम्ही दर महिन्याला येता. एकेका वस्तूचा भाव विचारता आणि रिकाम्या पिशवीने परत जाता. माझी आई अशीच करायची. सगळ्या पेठेत भाव विचारत फिरायची आणि घरी येऊन आम्हाला सांगायची, दुकानं बंद होती. आम्ही लहान होतो, आम्हाला खरं वाटायचं.” त्याने माप खाली ठेवलं. “तुम्हाला फुकट दिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, ते तुमच्याकडे बघून कळतं. म्हणून भाव उतरवून सांगायला लागलो. म्हटलं, कधीतरी परवडेल आणि घ्याल. तुम्ही काही घेईनात. मग भाव वाढला की मी तुमच्यासाठी आणखी थोडा उतरवायचो.”

रागवायचं म्हटलं तर कुणावर, हेच तिला समजेना. सहा वर्षं एक परका माणूस आपल्यासाठी मनातल्या मनात वजाबाकी करत होता आणि आपण ती नकळत शहराच्या कामगारांच्या माथी मारत होतो. त्या वस्तीच्या नोंदीत हेच दुकान सगळ्यांत मोठं, म्हणून त्याचं वजनही सगळ्यांत जास्त. बाकीची दोन दुकानं महाग सांगतात ते लहान आहेत म्हणून, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

“सगळ्याच वस्तूंत उतरवत होता?”

“काड्यापेटीत नाही,” तो ओशाळून म्हणाला. “तिच्यात काय उतरवणार?”

संध्याकाळी तिने धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी आधी पोट धरून हसली. डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे दया त्याने तुझ्यावर केली आणि कापली माझ्या पगारातून.”

“उद्या कळवते ऑफिसात.”

धाकटीचं हसू थांबलं.

“काही नको. पाच महिने राहिलेत तुझे. चौकशी लागली तर निवृत्तीचे कागद अडकतील. कुणाला कळलंय? तू कोण हे दुकानदाराला ठाऊक नाही, साहेबाला यातलं काही ठाऊक नाही.”

“तुला कळलंय.”

“मी माझी हरकत मागे घेतली,” धाकटी म्हणाली. “इतकी वर्षं भागवलं ना? अजून भागेल.”

“कसं भागवलंस?”

थोरली उठली आणि तिने फळीवरचा तेलाचा डबा काढला. या घरात तिने तो कधी उघडून पाहिला नव्हता. तळाशी बोटभर तेल होतं, तेही काल आणलेलं. मग तिला ताटं आठवली. आपल्या ताटात भाजीवर तवंग असायचा. धाकटी मागाहून जेवायला बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, “मला तेलकट सोसत नाही.” गेली दोन-तीन वर्षं तिला तेलकट सोसत नव्हतं.

थोरलीने डबा जागेवर ठेवला. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू काही चूक धाकटीचीच होती.

खात्यात नोंद बदलण्यासाठी एक छापील अर्ज असतो. त्यात कारणांचे रकाने असतात: दुकान बंद, माल संपला, वजनात फरक, इतर. तिने तेलाचा खरा भाव भरला, ‘इतर’वर खूण केली आणि समोरच्या ओळीत आपल्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘दुकानदाराला माझी दया आली.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला.

“दुसरं काही लिहिता नाही येणार, बाई?”

“दुसरं काही घडलं नाही, साहेब.”

तिच्या जागी दुसऱ्या नोंदणाऱ्याला पाठवून त्या वस्तीचे भाव नव्याने घेतले गेले. दुकान यादीतून गेलं, कारण जिथे ओळख पटली ते दुकान खात्याच्या कामाचं उरत नाही. चौकशी लागली. निवृत्तीचे कागद सही व्हायचे राहिले आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायला लागले. मागच्या सहा वर्षांचं काही करता येणार नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. या वर्षीचा आकडा मात्र बदलला. तो फार नाही, थोडासाच वर सरकला. धाकटीने नवा कागद घरी आणला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “महिन्याला दीड लिटर तेलाचे पैसे सुटतील.” मग थोरलीकडे बघून म्हणाली, “आता तरी खरेदी शीक. मी काय जन्मभर आणून घालू?”

पुढच्या रविवारी थोरली बाटली घेऊन पेठेच्या टोकाला गेली. तिला येताना पाहून दुकानदार उभा राहिला. कुणीतरी चौकशीला येऊन गेलं होतं, त्यामुळे त्याला आता सगळं ठाऊक होतं. त्याने फळीवरचा नसलेला कचरा झटकला.

“सुटं तेल कसं दिलं?” तिने विचारलं.

तो क्षणभर थांबला. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“एकशे चाळीस, मावशी.”

हाच आकडा तिने स्वतःच्या हाताने अर्जात लिहिला होता. तरी पाकीट उघडता उघडता तिचा हात अडला. तीस वर्षं तिने भाव ऐकले होते आणि लिहिले होते. त्यातला एकही कधी स्वतःच्या पाकिटातून दिला नव्हता.

“महाग आहे हो,” ती म्हणाली.

“आहे खरं.”

“अर्धा लिटर द्या.”

त्याने माप बुडवलं, काठोकाठ भरलं आणि एक थेंबही जास्त न घालता तिच्या बाटलीत ओतलं.