कोपरावरची दोन बोटं

डबिंग स्टुडिओतल्या बूथच्या दाराचं आतलं हँडल कित्येक महिने निखळलेलं होतं. आत गेलेल्या माणसाला बाहेर यायचं असेल तर त्यानं काचेवर टकटक करायची, हात हलवायचा, आणि पलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टचं लक्ष गेलं की तो उठून बाहेरून दार ओढायचा. करू दुरुस्त, करू दुरुस्त, असं सगळेच म्हणायचे. केलं कुणीच नाही. सिनेमांना आवाज देणारी ही नवरा-बायको दोघं आत असली की नवरा म्हणायचा, "बरंय की! बायको पळून जायची भीती नाही." आणि रेकॉर्डिस्ट पहिल्यांदाच ऐकल्यासारखा खो खो हसायचा. तीही हसायची. कधी हसायचं ते तिला बरोबर कळायचं, कारण कोपरावर दोन बोटं दाबली जायची.

या दोन बोटांचं आधी सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा नवऱ्याचा आवाज घरोघरी पोचलेला होता. परदेशी सिनेमे मराठीत आणायचे म्हटलं की नायकाच्या तोंडी याचाच आवाज. ती मात्र नवखी. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलायला लागले की हिची दातखीळ बसायची. तेव्हा त्यानं तिला जवळ उभं केलं, एकाच माइकपाशी, आणि तिच्या कोपरावर दोन बोटं ठेवली. "मी दाबली की बोल. बाकी कशाची काळजी करू नकोस." त्यानं दाबली, ती बोलली, आणि शब्द ओठांवर अस्से चपखल बसले. इतकं गोड वाटलं होतं तिला तेव्हा! आपल्या माणसानं आपल्याला सांभाळून घेतलं म्हणून घरी येऊन ती रडली होती.

आता लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि बोटं अजून तिथंच होती. बूथमध्ये होती, घरी होती, लोकांकडे गेलं की तिथंही होती. कुणी काही विचारलं की बोटं दाबली जायची, मग तिनं बोलायचं. जास्त बोलली की पुन्हा दाबली जायची, मग गप्प बसायचं. पुष्कळदा तेवढीही तसदी नसायची. तोच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "ती गोड नाही खात." "तिला गर्दी नाही सोसत." अहो, बाईला गोड जीव की प्राण! पण इतकी वर्षं पाहुण्यांच्या घरी समोरची बशी परत गेली ती गेलीच. आणि नवरा काही दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. मारझोड नाही, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. कुणाला जाऊन सांगणार, आणि सांगणार तरी काय? बोटं दाबतो म्हणून?

या वर्षी मोठं काम आलं होतं. हॉलिवूडच्या जुन्या काळातल्या एका जोडीचे सगळे सिनेमे, आधी विनोदी आणि मग रडके, मराठीत करून डीव्हीडीच्या एका देखण्या पेटीत घालायचे, लोकांनी घरबसल्या पाहायला. जोडी कृष्णधवल काळातली. विनोदी सिनेमांत दोघांच्याही डोक्यावर सदानकदा टोप्या, म्हणून स्टुडिओत त्यांची नावं पडली टोपीवाला आणि टोपीवाली. रडक्या सिनेमांत दोघंही बोडकी. टोपी गेली की समजायचं, आता कुणीतरी आजारी पडणार. कंपनीनं पेटीच्या मागच्या बाजूला या नवरा-बायकोचाही फोटो छापायचं ठरवलं होतं: पडद्यावर जोडी आणि पडद्यामागेही जोडी.

विनोदी सिनेमे करताना मजा आली, ते नाकारण्यात अर्थ नाही. एकात दोघांना चुकून हॉटेलात एकच खोली मिळते. एकात टोपीवाला लग्नाच्या दिवशी भलत्याच बोटीत चढतो. नवरा रंगात यायचा. टोपीवाला पाठमोरा झाला की याला ऊत यायचा, कारण पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत आणि त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. मूळ सिनेमात तो गुपचूप जिना चढत असायचा आणि मराठीत पुटपुटायचा, "गुडघे गेले बुवा, पण सासूला सांगू नका!" कंपनीवाले खूश. रेकॉर्डिस्ट खूश. टोपीवालीही पुष्कळदा पाठमोरी व्हायची, पण तिच्या तोंडी जादा काही घालावं असं कुणाच्या मनात आलं नाही. हिच्याही नाही.

आणि मागच्या आठवड्यात ती बाई भेटली. ऑडिओ बुक काढणाऱ्या संस्थेतली. शेजारच्या खोलीत तिचं काम चाललं होतं, तिथून हिचा आवाज ऐकून ती बाहेर वाट पाहत उभी राहिली होती. नवरा खाली स्कूटर काढत होता, म्हणूनच केवळ दोघींचं बोलणं झालं.

"एक अख्खी कादंबरी आहे," बाई म्हणाली. "तुमच्या एकटीच्या आवाजात हवी. म्हातारा तुम्ही, पोरगी तुम्ही, सगळी माणसं तुम्हीच. कराल?"

हिच्या अंगावर काटा आला. अख्खी कादंबरी! सगळी माणसं! "विचार करून सांगते," ती म्हणाली. तोंडाला तेच वळण पडलेलं. बाईनं नंबर मागितला, तर हिनं सवयीनं नवऱ्याचा दिला. कामाचे फोन त्याच्याच नंबरावर यायचे, वर्षानुवर्षं. जिना उतरतानाच तिला वाटलं, अगं बाई, हे काय केलं मी? पण परत वर जाऊन काय सांगायचं? रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला करायचंय हो हे."

"हो ना. बघू. मी बोलतो त्यांच्याशी," तो म्हणाला.

तेव्हापासून ती त्याचा फोन वाजला की कान टवकारत होती.

आज शेवटच्या रडक्या सिनेमाचा शेवट करायचा होता. त्यात टोपीवाला एक भला, नावाजलेला डॉक्टर. टोपीवाली त्याची बायको. आणि एके दिवशी ती बाई घर सोडून जाते. बस्स. दुसरा पुरुष नाही, भांडण नाही.

"लेखकाला कारणच सुचलं नसणार," नवरा म्हणाला. "इतकं चांगलं घर सोडून कोण जाईल?"

कोपरावर बोटं दाबली गेली. ती हसली.

मधे रेकॉर्डिस्ट चहाला खाली गेला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन थरथरला. त्यानं फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं, ओठ मुडपले, दार ढकललं. बाहेर पडायला ते आतूनही ढकलता यायचं, पण फटीत कुणी लाकडाचा तुकडा ठेवलेला असला तरच. तुकडा होता, तो त्याच्या पायानं सरकला आणि दार पाठीमागे लागून गेलं. आता ती आत आणि तो काचेपलीकडे.

बूथचं एक होतं. आतलं सगळं बाहेरच्या स्पीकरवर ऐकू जायचं. बाहेरचं मात्र रेकॉर्डिस्टनं बटण दाबलं तरच आत यायचं. नवऱ्यानं आधी स्पीकरचा आवाज बंद केला, आतलं काही फोनमध्ये जायला नको म्हणून. मग फोन कानाला लावला आणि काचेकडेच तोंड करून उभा राहिला, कारण त्या खोलीत रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची.

आता गंमत बघा. हा माणूस जन्मभर बायकोला सांगत आला, डोळ्यांत तेल घालून ओठ बघ. तिनं वीस वर्षं दुसरं केलंय काय? ज्या परक्या भाषा तिला येत नाहीत त्यांतलेही ओठ ती वाचायची. मग हे तर मराठी बोलणारे ओठ, आणि तेही तिच्या नवऱ्याचे. आपला आवाज काचेआड अडला म्हणजे आपण झाकलो गेलो, असं त्याला वाटलं. आवाजावर जगणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

तिला सगळं नाही कळलं. पण "नाही हो मॅडम" कळलं. "ती स्वतःच नको म्हणाली" हेही कळलं. मग तो जरा हसला, चारचौघांत हसायचा तसा, आणि म्हणाला, "एकटीनं तिला जमत नाही. आमचं जोडीनंच असतं सगळं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दाराशी धावली. हँडलच्या जागी नुसतं भोक. तिनं काचेवर थापा मारल्या, दोन्ही हातांनी. त्यानं वर पाहिलं, प्रेमानं मान हलवली आणि तळहात दाखवला. थांब जरा. ती थांबली. थांबण्यावाचून करणार काय? हवा होती, उजेड होता, तरी तिला श्वास पुरेना. ही पेटी आजची नाही, असं तिच्या मनात आलं. आपण घरी जातो तेव्हाही या पेटीतच असतो.

फोन ठेवून, स्पीकर चालू करून तो आत आला.

"कुणाचा होता हो?"

"कुरिअरवाला. पत्ता सापडत नव्हता त्याला." नटच तो, आवाजात तसूभर फरक नाही.

"आणि त्या ऑडिओ बुकवाल्या बाईंचा नाही आला अजून?"

"नाही ना! अगं, ही मंडळी नुसती बोलतात. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि त्यानं तिच्या कोपरावर हात ठेवला.

तेवढ्यात रेकॉर्डिस्ट चहाचे कप घेऊन परतला. ती कोपर सोडवून माइकमध्ये म्हणाली, "शेवटचा सीन आम्ही वेगवेगळा देतो. ती दोघं खोलीच्या दोन टोकांना आहेत. एका माइकवर आवाज फार जवळचे येतील."

"अगं पण तुला कळणार कसं, कधी—"

"वहिनींचं बरोबर आहे, दादा," रेकॉर्डिस्ट बटण दाबून म्हणाला.

नवऱ्यानं आपली वाक्यं आधी दिली, झकास दिली, आणि बाहेर जाऊन काचेशी उभा राहिला. आता ती एकटी. पडद्यावर टोपीवाली बोडक्या डोक्यानं खिडकीशी उभी. तिचे ओठ उघडले, हलले, मिटले. आणि ही गप्प! तिचं सगळं लक्ष कोपराशी, जिथं कुणीच नव्हतं. म्हणजे खरंच जमत नाही की काय? तो फोनवर खोटं नव्हताच बोलला की काय? काचेपलीकडे नवऱ्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि दाराकडे हात नेला.

"येऊ नका," ती म्हणाली. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. या वेळी तिनं काचेकडे पाहिलंच नाही. टोपीवालीच्या गळ्याशी एक शीर होती. बोलायच्या आधी ती किंचित हलायची. इतके सिनेमे केले आणि हे तिला कधी दिसलंच नव्हतं, कारण कधी बघावंच लागलं नव्हतं. शीर हलली आणि ती बोलली. शब्द ओठांवर जाऊन बसले, एकामागून एक. "मी तुमच्यावर रागावलेली नाही," टोपीवाली म्हणाली. "पण इथं मला श्वास घेता येत नाही. मी जाते." काचेपलीकडे नवऱ्याची दोन बोटं त्याच्याच पँटवर दाबली जात होती, वाक्यागणिक, आणि दर वेळी तिच्या शब्दांच्या मागून.

मग टोपीवालीनं बॅग उचलली आणि ती दाराकडे चालू लागली. पाठमोरी. मूळ सिनेमात इथं चिडीचूप. नुसते बुटांचे आवाज. ती माइकजवळ सरकली.

"आणि मी नको म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "ते तुम्ही म्हणालात."

पडद्यावर दार लागलं.

रेकॉर्डिस्टनं हेडफोन एका कानावरून सरकवला. "हे स्क्रिप्टमध्ये नाही," तो बटण दाबून म्हणाला. "पण बसलंय बरोबर. ठेवायचं का, दादा?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलले, पण रेकॉर्डिस्टचं बोट आता बटणावर नव्हतं, त्यामुळे आत काही आलं नाही. गरजही नव्हती. तो म्हणत होता, तुला कसं कळलं?

"ओठ बघून," ती माइकमध्ये म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. आणि हो, ठेवायचं. दार उघडा."

रेकॉर्डिस्ट एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत बसला. उठायला हवं हे त्याला कळत होतं, पण उठवेना. हँडलपाशी नवरा होता. त्यानं हँडलवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. किती वेळ ते देव जाणे. तिला तो वेळ फार वाटला. तिनं काचेवर थाप मारली नाही. हातही हलवला नाही. नुसती बघत राहिली, टोपीवालीच्या शिरेकडे बघितलं होतं तसं त्याच्या हाताकडे.

शेवटी त्यानं दार ओढलं.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..." तो म्हणाला. त्याचा तो घरोघरी पोचलेला आवाज फाटला होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तिला त्याची दयाही आली. पण तिनं हात पुढे केला.

"फोन."

त्यानं दिला. शेवटचा आलेला नंबर वरच होता. तिनं तो लावला आणि कानाला धरला. पलीकडे रिंग वाजली, थांबली, आणि बाईचा आवाज आला, "हॅलो? बोला, सर."

शेजारी नवरा हलला. सवयच ती, दुसरं काय. त्याची दोन बोटं तिच्या कोपराकडे निघाली.

बोटं पोचायच्या आत ती बोलली होती.