माझ्या मानेवरचे चुन्याचे ठिपके

मी एक जुना डबलबास आहे, मित्रांनो. व्हायोलिनचा थोरला भाऊ, उंचीनं माणसाहून वरचढ. माझ्या पोटावर एक लांब भेग आहे. एवढं जाड लाकूड फुटलं कसं, असं जो तो विचारतो. ते आज सांगतो. आवाज माझा जाड आणि स्वभावही तसाच, तेव्हा गोड करून सांगणं काही जमायचं नाही.

जन्म कुठल्या देशातला, ते आठवत नाही. आठवतं ते राजूरच्या कोळसा खाणीचं क्लबघर. तिथला साहेब मला सुटीच्या दिवशी वाजवी आणि चढली की लाथ मारी. तो मायदेशी निघाला तेव्हा खाणीचा पंप दुरुस्त करायला आलेल्या भगवानरावांना मला देऊन गेला. भगवानराव दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन फिटर होते आणि हार्मोनियमचे वेडे. मोटारीच्या टपावर दोरांनी आवळलेला मी दिग्रसला उतरलो, तेव्हा माझी एक तार तुटलेली होती. ती इथं कुठून मिळणार? शेवटी गादीवाल्या पिंजाऱ्यानं आपल्या धनुकलीची तांत दिली. कापूस पिंजायची ती चिवट आतड्याची दोरी माझ्या अंगावर चढली आणि अशी घुमली की सरकीच्या ढिगावरची कबुतरं उडाली.

जिनातल्या कामकऱ्यांचा एक वाद्यवृंद होता. भगवानरावांची पेटी, तांड्यावरच्या उत्तमसिंगचा नगारा, दोन बासऱ्या, टाळ. मला मात्र हात लावायला कोणी धजेना. धजला तो कापसाचे बोजे वाहणारा उकंडा.

उकंडा जवळच्याच खेड्यातला. गावचं डफडं बापजाद्यांपासून त्याच्या घराकडे होतं. पाटलाघरचं लग्न असो, पोळा असो की मारुतीची पालखी, बोलावणं आलं की जायचं, पुढं चालत वाजवायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी गोठ्याशी बसायचं. छप्पन्नच्या दसऱ्याला तो आणि त्याची बायको पंचफुला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. आल्या दिवशी त्यानं डफडं चुलीत घातलं. गावानं त्यांना विहीर बंद केली, दुकान बंद केलं. मग दोघंही जिनात कामाला आली.

पहिल्याच दिवशी त्यानं सवयीनं माझ्या पोटावर सणसणीत थाप मारली. भगवानराव ओरडले, "अरे, मारू नको त्याले! हे मारून नाही वाजत, ओढून वाजते."

उकंडा हसला. "आमाले तं सारं मारूनच शिकवलं, भगवानराव. वढून कसं वाजते थे दाखवा."

त्यानं तारांवरून ओढायचा गज हाती घेतला. पण बोटं कुठं ठेवायची ते लक्षात राहीना, आणि अक्षरओळख तर नव्हतीच. तेव्हा पंचफुलानं पानाच्या डबीतला चुना काढला. भगवानराव सूर सांगत, उकंडा जागा शोधी, आणि ती माझ्या मानेवर तिथं ठिपका देई. ठिपके पुसले की पुन्हा देई. असे दोन हंगाम गेले. त्याच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले.

कापसाचा हंगाम चैत्रात संपतो. दाबून बांधलेल्या शेवटच्या गाठीला हार घालतात, नारळ फोडतात, इंजिनाचा पट्टा उतरवतात, आणि मग अंगणात आमचा कार्यक्रम. एकोणसाठ साली उकंडा पहिल्यांदा त्यात उभा राहणार होता. कोणाच्या हुकमानं नव्हे, आपल्या मनानं, लोकांसमोर एकदा वाजवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. पंचफुला बायकांत सगळ्यांत पुढं बसली होती.

नेमकी ती हनुमान जयंती निघाली. ऊन उतरलं होतं, पहिली गत निम्मी झाली होती, आणि फाटक ढकलून पाटलाचा पुतण्या दौलत आत आला. मागं दहा-बारा जण, हातात काठ्या.

"उकंड्या! तिकडं पालखी अडली, अन् तू इथं वाजवून राह्यला?"

"डफडं जाळलं म्या. आता कोनाच्या पालखीपुढं वाजवत नाही."

"मंग हे उचल. पालखीपुढं हेच वाजव."

"याले घेऊन चालता येत नाही, दौलतराव. याच्यापाशी उभं राहा लागते," उकंडा म्हणाला. "अन् आता मीबी चालत नाही."

पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी उत्तमसिंगच्या कपाळावर, तो मध्ये पडला म्हणून. नगाऱ्यावर रक्त टपटपलं. मला टाकून पळाला असता तर उकंडा सुटला असता, पण त्या वेड्यानं मला मिठी मारली. तिसरी काठी माझ्या पोटावर आली आणि फळी वरपासून खालपर्यंत फाटली. चौथी मानेवर आली, जिथं त्याचा डावा हात होता. बोटं मोडतात तेव्हा, मित्रांनो, कापसाची सुकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज येतो. त्याच घावानं पिंजाऱ्याची तांत तुटली. ताणलेलं आतडं ते. सपकन उडालं आणि दौलतचा गाल कानापासून ओठापर्यंत चिरत गेलं. तो किंचाळला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग सारं जिन उठलं. बोजे ओढायचे लोखंडी आकडे घेऊन हमाल धावले, बायकांनी विटा उचलल्या. काठ्या हिसकावल्या गेल्या, डोकी फुटली. दौलतला तिघांनी धुळीत पाडलं आणि एकानं आकडा त्याच्या गळ्यावर धरला. जोर द्यायचाच काय तो बाकी होता.

"मारू नका त्याले!" उकंडा ओरडला. "माहं वाजवनं राह्यलं!"

आकडा थांबला, मग बाजूला झाला. दौलतला त्याच्याच माणसांनी उचलून नेलं.

उकंडा माझ्यापाशी परत आला. डावा हात सुजून लोंबत होता. भगवानराव रडतच म्हणाले, "राहू दे रे, दवाखान्यात चल." तो हलला नाही. पंचफुला उठली. तिनं पदर फाडून त्याचा हात बांधला आणि माझ्या मानेपाशी उभी राहिली.

"तुमी वढा," ती म्हणाली. "तारा दाबाचं माह्याकडे लागलं."

प्रत्येक ठिपका तिनंच तर दिला होता. तीन तारा शिल्लक होत्या. तिची बोटं ठिपक्यांवर, त्याचा गज तारांवर. उत्तमसिंग एका हातानं कपाळ दाबून दुसऱ्यानं नगाऱ्यावर ठेका धरून होता. माझी फाटकी फळी खरखरत होती, एवढा बेसूर मी आयुष्यात कधी वाजलो नसेन. तरी गत शेवटपर्यंत झाली. ती संपली, आणि उकंडा जागच्या जागी कोसळला.

त्याची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. भगवानरावांनी मला सरसानं जोडलं, पण पुढं वाद्यवृंद मोडला. आता मी विहाराशेजारच्या वाचनालयात कोपऱ्यात उभा आहे. माझ्यात पाली राहतात. तरी दर चैत्रात पंचफुला येते आणि ठिपके ताजे करून जाते.

मित्रांनो, येता-जाता तुम्ही माझ्या पोटावर थाप मारता आणि धप्प आवाज आला की हसता. तुमचा मला राग नाही. पण खिडकीपाशी एक माणूस रोज पेपर ऐकायला बसतो, त्याच्याकडे कधी बघा. थाप पडली की त्याचा डावा हात आपोआप छातीशी जातो. गज तिथं खुंटीला आहे. तो काढा आणि त्याच्याकडे जा, कसा ओढायचा ते तो शिकवील. दाबायचं कुठं, ते माझ्या मानेवर लिहिलेलंच आहे.