देवणहट्टीचे दोन रवळू पाटील

सीमाभागातल्या देवणहट्टी मतदारसंघाच्या इतिहासात गद्दारी एकदाच झाली. बाकीच्या वेळी तिला पाठिंबा म्हणत.

२००८च्या फेररचनेत हा मतदारसंघ मोडीत निघाला, गावं शेजारच्या तीन मतदारसंघांत वाटली गेली, आणि रिटायर झालेल्या मष्णू मास्तरांनी त्याचा इतिहास लिहायला घेतला. त्यातलं एक प्रकरण गावानं तोंडीच पुरं करून ठेवलेलं होतं. पंच्याऐंशी सालच्या निवडणुकीत आपले, म्हणजे मराठी बाजूचे, रवळू पाटील वकील पडले, ते दुसऱ्या रवळू पाटलामुळे. मतपत्रिका कन्नडमध्ये, नावं एकसारखी. कन्नड वाचता न येणाऱ्या गावानं शिक्का भलत्याच रवळूवर मारला. हा भलता रवळू म्हणजे बायाक्काचा नवरा. तो मरेपर्यंत गावजेवणात त्याच्या शेजारचं पान रिकामं राहिलं.

परवा बायाक्का मास्तरांच्या सोप्यात येऊन बसली.

"मास्तर, पुस्तकात आमच्या मालकांस्नी गद्दार लिवणार म्हणं?"

"गाव म्हणतंय ते लिहावं लागतंय, आक्का. उभारले कशाला होते ते?"

"वकील रवळू पाटील ह्या नावावर उभारलाय, मग माजं बी त्येच नाव हाय की, म्हणाले. कोण फूस लावली न्हाय. चा बी पाजला न्हाय कुणी."

"नुसत्या नावावर?"

"मग वकिलानं तरी नाव सोडून काय सांगितलं हुतं?"

मास्तरांनी हे टिपून घेतलं नाही.

"निकालाचा कागद मागवलाय बेंगळूरहून. त्यात असेल ते छापतो."

"छापा. पर लौकर. आमच्या नातीचं, रक्षाचं लगीन वकिलाच्या भावकीत ठरलंय. गद्दाराची नात म्हणून मोडाय बसल्यात."

"आणि गावाचंच खरं निघालं तर?"

"तर मोडू द्या. निदान कागद बघून मोडतील."

कागद पंधरा दिवसांनी आला, कन्नडमध्ये. मास्तरांनी तो देवळाच्या कट्ट्यावर मराठीत वाचून दाखवला. वकिलाची भावकी पुढंच बसली होती, बायाक्का खांबाला टेकून उभी. इतक्या वर्षांत आकडा कुणी विचारलाच नव्हता. कारण सापडल्यावर आकड्याची गरज पडत नाही.

वकील नऊ हजार तीनशे चार मतांनी पडले होते. बायाक्काच्या नवऱ्याला एकसष्ट मतं मिळाली होती.