चांदणीच्या तोंडातलं लोखंड

डोळे मिटा बरं. समजा, तुम्ही पांढरीशुभ्र घोडी आहात. जिभेवर थंड लोखंड आहे. त्याला लावलेला लगाम तुमच्या पाठीवर बसलेल्या मुलीच्या मुठीत आहे. आता हलू नका. आपण डिलाईल रोडजवळच्या एका तबेल्यात आलो.

दुपार पेंगुळली होती. पत्र्याच्या भोकांतून ऊन झिरपत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. सगळा तबेला जणू झोपेत पोहत होता. जीव टांगणीला लागला होता तो एकट्या पद्मजाचा. उद्या गिरगावात पाडव्याची शोभायात्रा, आणि चांदणी घोडीवर तीच बसणार होती. पण सकाळी सरावाचा ढोल घुमला, तशी चांदणी मान झटकत मागे सरली. म्हणून आता तबेल्याचे मालक भिवाआजोबा यांचा मुलगा विनीत खुंटीवरून काटेरी कडियाळं काढत होता. कडियाळं म्हणजे घोड्याच्या तोंडात बसतं ते लगामाचं लोखंड.

"हे घातलं की गप उभी राहील."

"विनीतकाका, तिला टोचेल ना!"

"मग तू जा चालत."

"थांब रे," भिवाआजोबा म्हणाले. त्यांनी चांदणीच्या तोंडातलं रोजचं गुळगुळीत कडियाळं काढलं, धुतलं आणि पद्मजाला दिलं. "दोन्ही मुठींत धर. डोळे मीट. हे आता चांदणीचं तोंड. सकाळी तू लगाम कसा ओढलास, ते दाखवतो."

खट्! आजोबांनी लगामाला हिसका दिला आणि पद्मजाची बोटं कळवळली. मग एकदम सैल. पुन्हा खट्!

"आजोबा, हळू!"

"पतंग उडवतेस काय गो? खेच, ढील, खेच! गच्चीवर ठीक आहे ते."

मग त्यांनी लगाम नुसता धरून ठेवला. मिटल्या डोळ्यांआड पद्मजाला वाटलं, अंधारात कुणीतरी हात हातात घेऊन सांगतंय, आहे मी इथे.

"एकदाच बघू," विनीत म्हणाला. "मान झटकली, तर काटेरी."

पद्मजाने ते गुळगुळीत कडियाळं तळहातांत धरून उबदार केलं आणि चांदणीच्या तोंडात दिलं. चांदणी ते चघळू लागली. पद्मजा वर बसली. विनीतने ढोलावर टिपरू मारलं.

धम्म!

चांदणीचे कान ताठ झाले, मान वर आली. पद्मजाच्या मुठी आवळू पाहत होत्या. तिने बोटं किंचित सैल केली, लगाम मात्र सोडला नाही. "आहे मी," ती पुटपुटली.

धम्म! धम्म!

चांदणीने एक लांब श्वास सोडला आणि मान हळूहळू खाली आणली.

पद्मजा उतरली, विनीतच्या हातातलं काटेरी कडियाळं तिने काढून घेतलं, आणि खुंटीकडे न जाता ते गवताच्या भाऱ्यामागे पार आत ढकलून दिलं.