ओट्यावरचा सवाल

"मामाजी, दारू पेता का जी?"

ओट्यावरच्या सगळ्यांदेखत कामिनीनं सासऱ्याला विचारलं आणि तिचाच चेहरा पडला. पण तिचा काय दोष? नियम सासऱ्याचा, म्हणजे देवाजीचाच. दिघोरीत कुणाला कावीळ झाली की तो देवाजीच्या ओट्यावर येतो. शेताच्या धुऱ्यावरचा भुईआवळा उपटून, पाट्यावर वाटून, ताकातून द्यायचा. पण आधी चारचौघांत हा सवाल. हो म्हणणाऱ्याला वाटी नाही. "तू तिकून लिवर जाळशीन, अन् मी इकून पाला देऊ?" असं दटावून देवाजी त्याला घालवून द्यायचा. आम्ही बसलेले माना डोलवायचो. आम्ही तरी कुठले शहाणे!

आता देवाजीचेच डोळे पिवळे झाले होते. देणाऱ्याला आपल्या हातचं औषध लागू पडत नाही, अशी इथली समजूत. म्हणून तो सुनेपुढे बसला होता. तिला हे काम त्यानंच शिकवलं होतं.

"नाही पेत," देवाजी म्हणाला.

कामिनी वाटी घेऊन तशीच उभी राहिली. गोठ्यात भाताच्या तणसाखाली लपवलेली मोहाच्या दारूची बाटली तिनं सकाळीच पाहिली होती.

"खोटं बोलून औषध नोका घेऊ जी," ती हळूच म्हणाली. हळू म्हणून काय झालं, सगळ्यांनी ऐकलंच.

देवाजीची मान खाली गेली. लाजेनं त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"पेतो," तो म्हणाला. "बुढी, तुही सासू, गेली तवापासून रोज पेतो."

कडेला शकुंतलाबाई नातीला घेऊन बसली होती. गेल्या वर्षी कावीळ झालेल्या तिच्या मनिषला, 'पेतो' म्हणाला म्हणून, देवाजीनं याच ओट्यावरून परत पाठवलं होतं. चारचौघांत असा अपमान झाल्यावर पोरगा घरात तोंड लपवून बसला, दवाखान्यातही गेला नाही, आणि दिवाळीच्या आत वारला.

देवाजी उठायला लागला.

"बस खाली," शकुंतलाबाई म्हणाली. "माहा मनिष असाच उठून गेला होता. कामिनी, दे वं त्याले."

"मले नोको, बाई."

"पे मुकाट्यानं! अन् उद्या डाक्टरकडं जाय. तो लाजत बसला, तू नोको बसू."

देवाजीनं वाटी तोंडाला लावली. वाटी रिकामी होईपर्यंत शकुंतलाबाई त्याच्यासमोरून हलली नाही.