पिवळी नळी

"हे कोनं केलं?"

संघपालनं हवेच्या भरलेल्या टाकीसकट पाणबुड्याचं जाकीट टेबलावर आदळलं तसं शेजारचं काचेचं कपाट थरथरलं. सामानखोलीचा कारकून खुशालराव तंबाखू मळत बसला होता. त्याच्या तळहातावरची निम्मी तंबाखू फरशीवर गेली.

"काय केलं, बाप्पा? सकायी सकायी कावून खेकसून राहिले?"

"दिसत नाई काय तुमाले? पिवळी नळी पट्ट्याखालून कोनं नेली? अन् वरून हे केबल टाय कोनं आवळले?"

खुशालरावनं चष्मा सरळ करून पाहिलं. "मीनंच आवळले. चारही जाकिटाले. साहेबानं सांगतलं. उद्या मुंबईचे लोक येऊन राहिले नं, खदानीवर फोटो काहाडनार. छातीवर पथकाचं नाव छापलं हाये, त्याच्यावर ह्या नळ्या येतात. गबाळं दिसते म्हने."

गबाळं! संघपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्याच्या टाक्या तपासायला म्हणून तो सकाळी लवकर आला होता. झडप उघडली, काटा पाहिला, हवा पुरेपूर होती, आणि मग त्याची नजर त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर पडली. नव्या पुडक्यातल्या, टोकं नीट कापलेल्या. मन लावून केलेलं काम होतं, त्याचाच त्याला जास्त संताप आला.

संघपाल भातकुली तालुक्यातला. पन्नाशीला टेकलेला, खांद्यानं रुंद, कानानं थोडा कमी. बचाव पथकात एकोणीस वर्षं काढली. अमरावती असो की अकोला, कुणी विहिरीत गेला, कालव्यात वाहिला, धरणात बुडाला की याला बोलावणं यायचं. पण पथकात त्याची ख्याती त्याच्या कामापेक्षा त्याच्या रागाची जास्त होती. नव्या पाणबुड्याची नळी जागेवर नसली की संघपाल त्याला टाकी पाठीवर देऊन तासभर उन्हात उभा करायचा. पोरं मागून त्याला 'नळीमास्तर' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. म्हणू देत, त्याचं काही बिघडत नव्हतं.

टाकीच्या माथ्यावरून चार नळ्या निघतात. एक उजव्या खांद्यावरून तोंडाशी येते, ती आपल्या श्वासाची. दुसरी डाव्या खांद्यावरून, जाकिटात हवा भरायला. जाकीट फुगलं की माणूस वर येतो, रिकामं केलं की खाली जातो. तिसरी डाव्या काखेखालून कमरेशी येते, तिच्या टोकाला काटा असतो, टाकीत किती हवा उरली ते सांगणारा. या तिन्ही अंगाशी कितीही आवळून बांधा, संघपालची ना नव्हती. उलट लोंबत्या दिसल्या तर तोच ओरडायचा, कारण वऱ्हाडातल्या धरणांच्या पोटात बुडालेल्या बाभळी अजून उभ्या आहेत आणि लोंबतं ते सगळं त्या धरून ठेवतात.

पण चौथी, पिवळी, ती आपली नसतेच. ती जोडीदाराची. त्याची हवा संपली तर त्यानं एका हिसक्यात आपल्या छातीवरून ती ओढायची आणि स्वतःच्या तोंडात घालायची. म्हणून ती पट्ट्याच्या बाहेरून, उजव्या काखेखालून छातीवर येते आणि तिथं नुसती चिमट्यात अडकवलेली असते. पट्ट्याखालून नेलेली पिवळी नळी असून नसून सारखी. हे तो गेली नऊ वर्षं घसा कोरडा करून सांगत आला होता.

त्यानं टाकीसकट जाकीट खांद्यावर मारलं आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरला.

साहेब सहा महिन्यांपूर्वीच बदलून आलेले. तरुण, टापटिपीचे, कुणावर आवाज न चढवणारे. समोर धम्मदीप आणि शिवम उभे होते. उद्या खदानीच्या पाण्यात उतरायची पाळी त्या दोघांची. साहेब त्यांना कुठं उभं राहायचं, कॅमेरा कुठं असेल, ते कागदावर काढून दाखवत होते.

"संघपाल, दार वाजवून यावं माणसानं."

"वाजवतो साहेब. पयले हे पाहा. ही नळी अशी नाई चालत." त्यानं जाकीट टेबलावर ठेवलं.

"मी माहितीपत्रक वाचलंय," साहेब शांतपणे म्हणाले. "नळ्या शरीरालगत ठेवा, लोंबत्या ठेवू नका. स्पष्ट लिहिलंय."

"लगत ठेवा लिहिलं. बांधा नाई लिहिलं! तीन बांधा, मी काई म्हनत नाई. पिवळी मोकळी पायजे."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"त्याच एका दिवशी हे दोघं तीस फूट खाली जाऊन राहिले! खाली गाळ हाये, टाकलेल्या गाड्या हायेत, जुन्या तारा हायेत. फोटो काहाडाले आले म्हनून खदान काय हात आखडून बसनार हाये?"

धम्मदीपला वाटलं आपण मधे पडावं. भला पोरगा, पण मधे पडायची वेळ त्याला कधी कळली नाही. "जाऊ द्या नं दादा. फोटो झाला की कापून टाकू."

"चूप बस!" संघपाल त्याच्यावर उलटला. "ये इकडे. वढ ही नळी. वढ म्हनतो नं!"

धम्मदीपनं ओढली. वीतभर आली आणि थांबली. पुन्हा ओढली. जाकीटच टेबलावर सरकत आलं.

"पाण्यात जोर लावला तर येईल," साहेब म्हणाले.

"नाई येत."

"हे तुम्हाला कसं माहीत? मी इथल्या सगळ्या फाइली वाचल्यात, संघपाल. नळीमुळे एकही अपघात झालेला नाही. पथकातला एकच माणूस गेला, सहदेव, नऊ वर्षांपूर्वी. तोही छातीत कळ येऊन. तुमचाच जबाब आहे तिथं, खाली तुमची सही आहे."

त्याच वेळी माणिकबाई चहा घेऊन आत आली होती. सहदेवची बायको. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला याच ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं होतं. नवऱ्याचं नाव ऐकून ती दाराशीच थांबली.

संघपालनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. नऊ वर्षं ही बाई दर दिवाळीला त्याच्या घरी चिवड्याचा डबा पाठवत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "संघपालभाऊ होते म्हनून आमच्या मानसाचं शरीर तरी हाती लागलं." आणि तो ते खाली मान घालून ऐकून घेत होता. लोक म्हणायचे, पाहा, किती साधा माणूस.

"उद्याच्या यादीतून तुमचं नाव कमी करतो," साहेब म्हणाले. "तुम्ही दमलाय. आणि हा आरडाओरडा आता पुरे. फाइलीत काही असेल तर बोला."

एवढ्यावर त्याला परत जाता आलं असतं. आजवर तो तसाच परत जात आला होता, पोरांवर ओरडून, उन्हात उभं करून, खरं कारण गिळून. शिवम त्याच्याकडे बघत होता. त्या पोराचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. उद्या खाली याची हवा संपली तर हा धम्मदीपच्या छातीवर हात टाकणार, आणि नळी वीतभर येणार.

"फाइलीतलं खोटं हाये," संघपाल म्हणाला.



"अकोल्याकडच्या धरनात एक मानूस बुडला होता, त्याले शोधाले मी अन् सहदेव उतरलो. त्याच्या आदल्या दिवशी बाभळीच्या काट्यानं माही पिवळी नळी खरचटली. म्हनून मीनं ती पट्ट्याखालून नेली, काटा लागू नये म्हनून. कोनी सांगतलं नोतं. माहीच अक्कल." त्याचा आवाज चढलेलाच होता, पण आता तो कुणावर ओरडतोय हे कळत नव्हतं. "खाली आपला हात आपल्याले दिसत नोता. सहदेव फांद्यांत अटकला. सुटला, पन त्याच्यात त्याची हवा गेली. त्याचा हात माह्या छातीवर आला साहेब. बरोबर जागेवर आला, चुकला नाई. वढली त्यानं. इतकी आली. अजून वढली. मी बकल सोडाले गेलो, बोटं चालेनात."

 साहेबांच्या टेबलावर कागद दाबायचा काचेचा गोळा होता, त्यावरून संघपालची नजर हलली नाही.

"माह्या तोंडातली काहाडून त्याले द्याची होती. शिकवलं तसंच होतं आमाले. आळीपाळीनं श्वास घेतला असता तर दोघंही वर आलो असतो. नाई देल्ली मीनं. भेव लागलं मले. मंग त्याचा हात सैल झाला."

संघपालनं जाकिटावरच्या पिवळ्या नळीवर हात ठेवला.

"वर आलो तवा होडीवाल्याची पाठ होती. तेवढ्यात पयले ती नळी मोकळी केली. मंग जबाब देल्ला, त्याच्या छातीत कळ आली म्हनून. खाली मी एकटाच होतो. कोन इचारनार?"

साहेबांनी कागदावरचा पेन उचलून बाजूला ठेवला. "संघपाल, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे लेखी आलं तर चौकशी लागेल. नोकरी जाईल."

"लिहून देतो. आताच देतो. पन ते टाय कापा."

माणिकबाईनं ट्रे टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. संघपालला वाटलं, आता ती आपल्या तोंडात मारणार. तिनं मारावं असं त्याला मनापासून वाटलं. मारलं असतं तर नऊ वर्षांनी एकदा मोकळा श्वास घेता आला असता. पण ती वळली आणि बाहेर निघून गेली. सामानखोलीचा ड्रॉवर जोरात ओढल्याचा आवाज आला, खुशालराव काहीतरी पुटपुटला, आणि ती कात्री घेऊन परत आली.

तिनं जाकिटावरचा पहिला टाय कापला. मग दुसरा, मग तिसरा.  कापलेले तुकडे तिनं चहाच्या ट्रेमध्ये टाकले, आणि पट्ट्याखाली हात घालून पिवळी नळी बाहेर काढली. कुठं अडकवायची ते तिला ठाऊक नव्हतं. धम्मदीपनं पुढं होऊन ती चिमट्यात लावून दिली.

"घाला," ती संघपालला म्हणाली.

"वहिनी..."

"घाला आंगात. आमच्या मानसासमोर घातलं होतं नं, तसंच घाला!" ती एकदम कडाडली. ऑफिसात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "नऊ वर्सं मी डॉक्टरले शिव्या देल्या! त्यायच्या जिवाले रोग होता अन् मले दिसला नाई म्हनून सोताले शिव्या देल्या! भाऊ भाऊ म्हनत डबे पाठवले तुमाले! घाला!"

संघपालनं टाकी पाठीवर घेतली, पट्टे आवळले, बकल लावलं. तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

साहेब हळू आवाजात शिवमला म्हणाले, "खुशालरावांना सांग, बाकीच्या तीन जाकिटांचे पण काढा. आत्ता." शिवम गेला.

माणिकबाईनं हात पुढं केला. डोळे मिटून घेतले. तिचा हात संघपालच्या छातीवर चाचपडला, पथकाच्या नावावरून सरकला आणि पिवळ्या नळीवर आला. तिनं हिसका दिला. नळी सरळ, हातभर, काहीही न अडता तिच्या मुठीत आली.

तिनं डोळे उघडले.

"इतकंच होतं?"

"इतकंच," संघपाल म्हणाला.

नळीच्या टोकाला तोंडात धरायची डबी असते, तिच्यावर मधोमध एक बटण असतं. माणिकबाईचा अंगठा त्यावर दाबला गेला आणि हवा मोठ्यानं फुसांडत बाहेर आली. तिच्या कपाळावरचे केस उडाले, पदर हलला. ती दचकली, पण अंगठा तिनं काढला नाही. उलट आणखी जोरात दाबला. चहावर साय धरत होती.

संघपालच्या कमरेशी काटा होता. तो हळूहळू खाली येताना त्याला दिसत होता. उद्यासाठी भरलेली टाकी होती ती. त्यानं माणिकबाईला थांबवलं नाही, आणि साहेबांनीही काही म्हटलं नाही.