दुपट्यावरची जाई

गंगूताईने टेबलावरच्या फायली एका अंगाला सारल्या, चहाचा रिकामा कप उचलून खिडकीत ठेवला आणि पिशवीतून दुपटं काढून फारुकसाहेबांच्या पुढ्यात अंथरलं. चार कोपऱ्यांना चार हिरवे पोपट, कडेने पिवळी वेल आणि मधोमध लाल दोऱ्याने भरलेली दोन अक्षरं. जाई.

“वाचा,” ती म्हणाली. “पोरगी झाली तवापासून बारशापर्यंत महिनाभर बसून भरलंय. ह्याच्यापरीस जुना पुरावा कुठून आणू?”

फारुकसाहेबांनी चष्मा नीट केला. ते स्वतः फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आता हिंगोलीच्या ह्या कार्यालयात माजी सैनिकांची आणि त्यांच्या बायकापोरांची कामं बघायचे. एका पोपटाच्या चोचीवरून त्यांनी बोट फिरवलं, टाका किती बारीक आहे त्याची मनापासून तारीफ केली आणि मग मान हलवली. दुपटं कितीही देखणं असलं तरी ते कागद होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यावर ना तारीख, ना सही.

शेजारच्या खुर्चीत गंगूताईचा धाकटा भाऊ मार्तंड बसला होता. हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती, आता तो एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा, पण खुर्चीतसुद्धा गडी सावधानमध्येच बसायचा. त्याच्या पलीकडे त्याची लेक जाई. पोरीचा परभणीला जनावरांच्या डॉक्टरीला नंबर लागला होता. गावात, साखऱ्यात, पेढे वाटून झाले होते. दोघा-तिघा म्हशीवाल्यांनी तर पोरगी कॉलेजात जायच्या आधीच तिचा सल्ला घेऊन टाकला होता. पण साडेपाच वर्षांचं शिक्षण ते, माजी सैनिकांच्या लेकरांना मिळणारी शिष्यवृत्ती पदरात पडली तरच जमणार होतं. आणि अर्जाची शेवटची तारीख होती परवा.

अडलं होतं ते नावापाशी. शाळेच्या दाखल्यापासून बारावीपर्यंत सगळीकडे पोरगी जाई होती. मार्तंडच्या फौजेच्या कागदांवर मात्र तिचं नाव होतं गुंजन. सरकारच्या लेखी मार्तंडला जाई नावाची लेकच नव्हती, आणि जी गुंजन होती तिने कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. दोन्ही नावं एकाच पोरीची, असं शपथपत्र करता येईल, फारुकसाहेबांनी गेल्या खेपेलाच सांगितलं होतं. पण जोडीला त्या दिवसांतला एखादा कागद लागेल. हे दुसरं नाव आलं कुठून, ते सांगणारा. मार्तंडने घर उलथंपालथं केलं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना तेव्हा कोराच सोडलेला. कागद म्हणावा असा काही सापडलाच नाही.

“साहेब, कागद होता एक,” मार्तंड आता म्हणाला. “मी वर बर्फातल्या चौकीवरनं पत्र लिवलं होतं घरी. नावाचंच. पण ते पोचलंच न्हाई.”

गंगूताई दुपट्याची सुरकुती सरळ करत राहिली.

पोचलं नव्हतं कसं? पोचलं होतं. बारशाच्याच दिवशी सकाळी जळबा पोस्टमन सायकल टेकवून अंगणात उभा राहिला होता, निळं आंतर्देशीय पत्र तिच्या हातात देऊन घुगऱ्या खाऊन गेला होता. पाळण्याला ती झेंडूची माळ बांधत होती. तिने घाईघाईने एक कड फाडली आणि वाचलं. मुलगी झाल्याची तार पोचली, फार आनंद झाला, मुलीचं नाव गुंजन ठेवावं, इथे कागदावर तेच दिलं आहे. गंगूताईने पाळण्याकडे बघितलं. पाळण्यात दुपटं अंथरून झालेलं, अख्ख्या गल्लीतल्या बायांनी त्यावरचं नाव वाचून झालेलं. आणि गुंजन हे काय नाव झालं? कानापाशी माशी गुणगुणल्यासारखं. भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तो मान आयुष्यात एकदाच यायचा होता, कारण तिला भाऊ एकच होता. तिने पत्र चोळीत खोचलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, पोरीच्या कानात ती ‘कुर्र’ करून म्हणाली, जाई, आणि बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

आठ महिन्यांनी मार्तंड सुट्टीवर आला. लेकीला उचलून घेतलं, नाव विचारलं, ऐकलं. मग नुसतं एवढंच म्हणाला, ताई, माझं पत्र न्हाई आलं व्हय? आणि ती म्हणाली, न्हाई बा.

एवढंच. ना भांडण, ना अबोला. पण तो ‘न्हाई’ तिच्या पोटात जो जाऊन बसला तो बसलाच. सख्ख्या भावाशी, तेही बर्फात उभ्या असलेल्या भावाशी, आपण धडधडीत खोटं बोललो. खोटं ताजं असतं तेव्हा कबूल करायला सोपं असतं. जुनं झालं की ते बोलायलाच लाज वाटते. भाऊबीजेला दरसाल, भाऊ घरी असला तर त्याला, नसला तर चंद्राला ओवाळताना तिला ते आठवायचं. पत्र जाळून टाकावं असं कितीदा मनात आलं, पण त्याच्या हाताचं अक्षर जाळायला हात धजेना.

फारुकसाहेबांनी दुपट्याची घडी घालायला घेतली. अजून एक रस्ता आहे, ते म्हणाले, फौजेच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करून नाव दुरुस्त करून घ्यायचं. बराबर होऊन जाईल काम, पण चार-सहा महिने धरून चाला. औंदाचा अर्ज मात्र गेला.

जाईने गुणपत्रिका पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली आणि पिशवीचं बटण दाबून बंद केलं. तो एवढासा आवाज गंगूताईला पाठीतल्या धपाट्यांपेक्षा जास्त लागला.

“साहेब, कातरी हाय का?” तिने विचारलं.

फारुकसाहेबांनी खणातून कात्री काढून दिली. गंगूताईने दुपटं आपल्याकडे ओढलं, उजव्या कोपऱ्यातला पोपट पालथा केला आणि त्याच्या पोटाखालची शिवण उसवायला लागली. मार्तंड अर्धवट उठला. ह्या दुपट्याची घरात एक जुनी तक्रार होती. आत्याने आणलेलं दुपटं बारशाच्या दिवशीच आत्या परत घेऊन गेली, ते आजतागायत दिलं नाही, असं मार्तंडची बायको सुनिता माहेरच्यांना अजून सांगायची. गंगूताईने ते ना कुणाला वापरू दिलं, ना एकदा पाण्यात घातलं. आता तिने दोन बोटं आत घातली आणि दोन पदरांमधून एक निळा, चपटा झालेला कागद बाहेर काढला.

“पोचलं होतं, मार्तंडा,” ती म्हणाली. तिला भावाकडे बघवेना, म्हणून ती पोपटाकडे बघून बोलली. “बारशाच्या सकाळीच पोचलं होतं. तू गुंजन म्हणला होतास. मी न्हाई ठेवलं. मला जाईच ठेवायचं होतं. आन् वरून तुला खोटं सांगितलं.”

मार्तंड खाली बसला. जाई एकदा आत्याकडे, एकदा बापाकडे बघत होती.

फारुकसाहेबांना मात्र ह्या नात्यागोत्यापेक्षा कागदाची घाई. त्यांनी पत्र उजेडात धरलं. तारीख आहे, शिक्का आहे, गुंजन नावही आहे, बहोत खूब. मग त्यांनी पत्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“सही कुठंय पण?” ते म्हणाले. “मजकूर मधीच तुटला. ताई, तुमी हे पूर्ण उघडलंच न्हाई की.”

खरंच होतं. त्या सकाळच्या धांदलीत तिने एकच कड फाडली होती. तिसरी घडी अजून डिंकाने बंद होती, अठरा वर्षं. गुंजन हा शब्द वाचला आणि पुढे वाचण्यासारखं काही उरलंच नाही असं तिला वाटलं होतं. फारुकसाहेबांनी स्टीलची पट्टी घडीत घातली, जपून, एखाद्याच्या जखमेची पट्टी सोडवावी तशी ती सरकवत नेली आणि कागद उलगडला. मग घसा साफ करून वाचायला लागले.

“गुंजन नाव मी घाईत दिलं. साहेबांनी आजच नाव मागितलं म्हणून. पण नाव ठेवायचा मान ताईचा आहे. तिने दुसरं काही मनात धरलं असेल तर तेच ठेवा, माझं ऐकू नका. मी इथे अर्ज देऊन कागदावरचं बदलून घेईन. मी घरी असतो तर ताईच्या पाठीत पहिला धपाटा माझा असता. आपला, मार्तंड.”

पंखा फिरत होता. गंगूताईने पदर तोंडाला लावला. अठरा भाऊबीजा तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, एकेक ओवाळणी. ज्याची परवानगी आधीच लिहून आली होती, त्या गोष्टीसाठी ती अठरा वर्षं स्वतःला चोर म्हणत आली होती. तिला रडायला आलं आणि त्याच दमात हसायलाही.

मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. तिने पदर खाली घेतला.

“मार्तंडा,” ती म्हणाली, “बदलून घेईन म्हणला होतास. अर्ज दिला व्हतास काय?”

मार्तंडने खिडकीबाहेर बघितलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, चहाचा कप तेवढा होता.

“देणारच होतो,” तो म्हणाला. “मग बदली आली. मग राहून गेलं.”

“किती वर्षं राहून गेलं?”

“ताई, साहेबांसमोर काहून...”

फारुकसाहेब खुर्चीत मागे रेलून असे हसले की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. जाईने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तीही हसत सुटली. म्हणजे आत्याने लपवलं आणि बाबा विसरले, ती म्हणाली, आणि दुपट्याबिगर वाढले मी. सुनिताला हे कळल्यावर ती काय म्हणेल ह्या विचाराने बहीण-भावाने एकमेकांकडे बघितलं, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. मार्तंडला इतकं हसताना गंगूताईने शेवटचं पाहिलं होतं ते तो फौजेत जायच्या आधी.

फारुकसाहेबांनी डोळे पुसले आणि कामाला लागले. पत्रात एक नाव, दुपट्यावर दुसरं, आणि मधे भावाने बहिणीला दिलेला अख्तियार, म्हणजे नाव ठेवायचा हक्क, सहीनिशी. ह्याहून पक्का कागद काय पाहिजे? पत्राची नक्कल जोडू, दुपट्याचाही फोटो लावू, शपथपत्र आजच करून घ्या, अर्ज आजच जातो. त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि नावाच्या रकान्यावर हात ठेवून थांबले. नाव त्यांना ठाऊक होतंच की. तरीपण त्यांनी गंगूताईकडे बघितलं.

“बोला ताई. नाव काय ठेवलं लेकराचं?”

गंगूताई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, जाईच्या कानाशी वाकली आणि कार्यालयात भरदुपारी ‘कुर्र’ केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “जाई.”

फारुकसाहेब लिहायला लागले. आणि मार्तंड खुर्चीतून उठला, बहिणीच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि त्याने तिच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला.